मार्केटिंग ईमेलचा विषय आणि स्पॅम फिल्टर : मराठवाड्यातील व्यावसायिकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पैठणचे पैठणी विक्रेते, वसमतच्या परिसरातील हळदीच्या शेतकरी उत्पादक कंपन्या, लातूरचे शिकवणी वर्ग, जालन्याचे बियाणे व्यावसायिक, वाळूज एमआयडीसीतील सुटे भाग बनवणारे कारखानदार आणि वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवरील हॉटेलचालक यांचे धंदे वेगवेगळे असले, तरी ईमेलविषयीची त्यांची तक्रार बहुधा एकच असते : मेल पाठवला, पण तो ग्राहकाला दिसलाच नाही. त्या तक्रारीच्या अनुषंगाने येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत. विषय म्हणजे येथे सर्वत्र ईमेलची सब्जेक्ट लाइन असे समजावे.

विषयात ‘मोफत’ किंवा ‘सवलत’ हे शब्द आले की मेल स्पॅममध्ये जातो, हे खरे आहे का?

नाही. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘निषिद्ध शब्दांच्या’ याद्या ज्या काळात तयार झाल्या, त्या काळातील फिल्टर प्रामुख्याने शब्द मोजत असत. आजचा फिल्टर मेल कोणी पाठवला, त्या पाठवणाऱ्याच्या आधीच्या मेलचे लोकांनी काय केले आणि विषयात जे सांगितले ते आत आहे का, हे अधिक पाहतो. ज्या ग्राहकांनी स्वतःहून आपला पत्ता दिला आहे, त्यांना एखाद्या साडीच्या दुकानाने ‘दिवाळीच्या खरेदीवर फॉल-पिको मोफत’ असे लिहिले, तर त्यात फिल्टरला खटकण्यासारखे काही नाही. तेच वाक्य विकत घेतलेल्या यादीवरील अनोळखी पत्त्यांना पाठवले, तर ‘मोफत’ काढून ‘विनामूल्य’ लिहिल्याने काहीही वाचत नाही. अक्षरांच्या मध्ये ठिपके घालून ‘मो.फ.त’ असे लिहिण्याची युक्ती तर उलट अंगावर येते, कारण शब्द लपवण्याची गरज प्रामाणिक दुकानदाराला पडत नाही, हे फिल्टर फार पूर्वीच शिकले आहेत.

मग फिल्टर विषयाकडे नेमका कसा पाहतो?

विषयाची पाळी उशिरा येते. मेल पोहोचताच आधी पाठवणाऱ्याची ओळख तपासली जाते. ज्या सर्व्हरवरून मेल आला त्याला त्या डोमेनच्या, म्हणजे पत्त्यातील @ नंतरच्या भागाच्या, नावाने पाठवण्याची परवानगी आहे का, हे एसपीएफ नोंदीवरून कळते. मेलवर डोमेनची डिजिटल सही आहे का, हे डीकेआयएमवरून कळते. आणि ही तपासणी फसली तर मेलचे काय करावे, हे डोमेनचा मालक डीमार्क नोंदीत सांगून ठेवतो. त्यानंतर डोमेनची पत, पूर्वीच्या तक्रारी, आतील दुवे आणि मजकूर यांच्यासोबत विषयही तोलला जातो.

वाळूज किंवा शेंद्र्यातील खरेदी विभागांना मेल पाठवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अनेक छोट्या-मध्यम कंपन्यांचा मेल त्यांच्या स्वतःच्या डोमेनवर, साध्या शेअर्ड होस्टिंगवर (अनेकांनी मिळून वापरायच्या सर्व्हरवर) चालतो आणि तेथे बहुधा स्पॅम असॅसिन हा जुना, खुला फिल्टर बसवलेला असतो. तो प्रत्येक खटकणाऱ्या गोष्टीला थोडे थोडे गुण देत जातो आणि मुळातील मांडणीनुसार बेरीज ५ झाली की मेल स्पॅम ठरवतो. पूर्ण विषय इंग्रजी कॅपिटल अक्षरांत असणे, ही त्यातील गुण मिळवून देणारी एक गोष्ट आहे. एकट्या विषयाने पाचाचा आकडा क्वचितच गाठला जातो, परंतु एसपीएफची नोंद चुकलेली, मजकुराऐवजी केवळ एक मोठे चित्र आणि वर ओरडणारा विषय असे तिन्ही जमले, की बेरीज सहज पुढे सरकते.

गूगल आणि याहू यांचे नवे नियम छोट्या व्यावसायिकालाही लागू होतात का?

काही अंशी होतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलच्या वैयक्तिक खात्यांवर दिवसाला ५,००० किंवा त्याहून अधिक मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क ही तिन्ही व्यवस्था तसेच एका क्लिकमध्ये यादीतून बाहेर पडण्याची सोय ठेवणे बंधनकारक झाले. मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनेही आउटलुक आणि हॉटमेलच्या पत्त्यांसाठी, एवढ्याच मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांकडून याच तीन नोंदींची मागणी सुरू केली. तुमची यादी तीनशे-चारशे पत्त्यांची असली, तरी जीमेलसाठी एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक हवेच, आणि तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत राहिले पाहिजे, ते ०.१ टक्क्याच्या खाली असणे अधिक चांगले.

हा आकडा दिसायला क्षुल्लक वाटतो, म्हणून त्याचा हिशेब करून पाहावा. ३०० ग्राहकांना मेल गेला आणि त्यांपैकी एकाने ‘स्पॅम’ हे बटण दाबले, तर प्रमाण ०.३३ टक्के होते. एवढ्या छोट्या प्रमाणावर गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये (पाठवणाऱ्याला तक्रारींचे प्रमाण दाखवणाऱ्या साधनात) आकडे दाखवलेही जात नाहीत, त्यामुळे नुकसान होत असताना ते दिसत नाही. विषय लिहिताना ‘फिल्टर फसेल का’ यापेक्षा ‘हा विषय वाचून कोणी वैतागेल का’ असे विचारावे, असा आमचा आग्रह आहे तो यामुळेच.

विषय देवनागरीत लिहावा, इंग्रजीत, की रोमन अक्षरांतील मराठीत?

ग्राहकाशी तुम्ही ज्या भाषेत आणि लिपीत बोलता, त्याच लिपीत लिहावा. देवनागरीत लिहिल्यामुळे मेल स्पॅम ठरतो, हा समज निराधार आहे. मात्र विषय देवनागरीत, आतील मजकूर इंग्रजीत आणि पाठवणाऱ्याचे नाव तिसऱ्याच कंपनीचे असा मेल वाचणाऱ्यालाही संशयास्पद वाटतो आणि यंत्रालाही. वाळूजच्या खरेदी अधिकाऱ्याला इंग्रजी विषय सोयीचा असेल. मोसंबीच्या बागायतदाराला मराठीच हवा. रोमन अक्षरांतील मराठीची सवय फोनवरच्या गप्पांमुळे लागली आहे, परंतु व्यावसायिक मेलच्या विषयात ती टाळावी असे आमचे मत आहे, कारण ‘Khas’ हे ‘खास’ की ‘खस’, हे वाचणाऱ्याला अंदाजाने ठरवावे लागते. लिपीचा हा मुद्दा बियाण्याच्या वाणांच्या नावांबाबत तर फारच जाणवतो.

आमच्या विषयात काही ग्राहकांना चौकोन किंवा प्रश्नचिन्हे दिसतात. ते का?

याची कारणे तीन आहेत आणि तिन्ही मराठीत नेहमी भेटतात.

पहिले कारण जुन्या फॉन्टचे. जाहिरातीचा मजकूर छापखान्यातून किंवा डीटीपीवाल्याकडून आलेला असतो आणि तो युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या प्रमाण पद्धतीत नसून जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेला असतो. तेथे ‘क’ दिसतो तो प्रत्यक्षात एखाद्या इंग्रजी चिन्हाच्या जागी बसवलेला असतो. असा मजकूर विषयात चिकटवला की फॉन्ट मागे राहतो आणि ग्राहकापर्यंत निरर्थक चिन्हांची माळ पोहोचते. असा विषय माणूस उघडत नाही आणि फिल्टरलाही तो भरवशाचा वाटत नाही. मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा आणि जोडाक्षरे, रफार व वेलांट्या डोळ्यांनी तपासाव्यात, कारण रूपांतर करणाऱ्या साधनांची चूक बहुधा तेथेच होते.

दुसरे कारण विषयाच्या तुकड्यांचे. ईमेलच्या मूळ नियमांनुसार विषयात केवळ इंग्रजी अक्षरे चालत, म्हणून देवनागरी विषय आधी यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत आणि मग बहुधा बेस६४ या साध्या इंग्रजी अक्षरचिन्हांच्या पद्धतीत बदलून पाठवला जातो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे असतात. ‘मोसंबी’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा वाटतो. संगणकाच्या लेखी तो सहा चिन्हांचा, म्हणजे १८ बाइटचा असतो आणि बेस६४ मध्ये गेल्यावर २४ अक्षरांचा होतो. अशा प्रत्येक तुकड्याला ७५ अक्षरांची मर्यादा असल्यामुळे त्यात शुद्ध देवनागरीची जेमतेम पंधरा चिन्हे मावतात. ‘जालन्याची मोसंबी : या आठवड्याचे भाव’ एवढा साधा विषयही त्यामुळे तीन तुकड्यांत जातो. चांगले सॉफ्टवेअर हे तुकडे चिन्हाच्या सीमेवर पाडते. घरी लिहून घेतलेला जुना प्रोग्राम एखाद्या चिन्हाच्या तीन बाइटांच्या मधोमध सुरी चालवतो आणि तेथेच काळा चौकोन उमटतो. ग्राहकांना दर वेळी साधारण त्याच जागी अक्षर तुटलेले दिसत असेल, तर दोष येथे आहे असे समजून प्रोग्राम लिहिणाऱ्याला गाठावे.

तिसरे कारण अदृश्य चिन्हांचे. ‘शेतकऱ्यांसाठी’, ‘दुसऱ्या’, ‘खऱ्या’ अशा शब्दांतील अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो : साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून, किंवा नुक्तावाला ऱ आणि हलन्त वापरून. दोन्ही दिसायला सारखे असतात. स्पॅम पाठवणारे शब्द तोडण्यासाठी अदृश्य चिन्हांचा गैरवापर करत आल्यामुळे काही फिल्टर विषयातील अशा चिन्हांकडे संशयाने पाहतात, आणि काही जुन्या फोनमध्ये ती चिन्हे चौकोन होऊन समोर येतात. विषयात ऱ ची दुसरी पद्धत वापरणे त्यामुळे अधिक सुरक्षित ठरते.

विषय किती लांब असावा?

फोनच्या पडद्यावर मावेल इतका. इंग्रजीसाठी सांगितली जाणारी अक्षरसंख्या मराठीला जशीच्या तशी लावू नये, कारण मात्रा आणि वेलांट्या मोजणीत वाढतात, रुंदीत तितक्या नाहीत. पाच ते सात शब्द हा अंदाज पुरेसा आहे आणि महत्त्वाचा शब्द सुरुवातीला असावा. दुकानाचे नाव विषयात पुन्हा घालू नये. ते पाठवणाऱ्याच्या नावात आधीच दिसते.

उद्गारचिन्हे आणि इमोजी वापरावीत का?

देवनागरीत कॅपिटल अक्षरे नाहीत, हे आपले एक सुदैव आहे. पण ओरडण्याची हौस मग उद्गारचिन्हांवर, ‘धमाकाऽऽऽ’सारख्या अवग्रहांवर आणि फटाक्यांच्या इमोजींवर भागवली जाते. एखादे इमोजी असल्याने मेल अडत नाही. तीन उद्गारचिन्हे, दोन फटाके आणि एक लाल बाण एकत्र आले की विषय फ्लेक्सबोर्डसारखा दिसू लागतो आणि वाचणारा त्याकडे फ्लेक्सबोर्डाइतकेच लक्ष देतो.

‘आज शेवटचा दिवस’, ‘फक्त काही जागा शिल्लक’ असे लिहिले तर चालते का?

ते खरे असेल तर चालते. लातूरच्या एखाद्या शिकवणी वर्गाची प्रवेशपूर्व चाचणी रविवारी असून नोंदणी शुक्रवारी संध्याकाळी बंद होणार असेल, तर ‘रविवारच्या चाचणीची नोंदणी शुक्रवारी बंद’ हा अत्यंत उपयुक्त विषय आहे. पालक तो उघडतील आणि कोणी तक्रार करणार नाही. तोच वर्ग दर आठवड्याला ‘शेवटची संधी’ असे लिहू लागला, तर तिसऱ्या आठवड्यात पालकांना खोटेपणा कळतो आणि बोट स्पॅमच्या बटणाकडे वळते. ‘१०० टक्के यशाची हमी’ हा विषय त्याहून वाईट, कारण हमी देता येत नाही हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक असते.

यात कायद्याचाही संबंध येतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये ग्राहकांची दिशाभूल करणाऱ्या तेरा प्रकारच्या क्लृप्त्या नमूद करून त्यांना प्रतिबंध करणारी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली आणि खोटी तातडी निर्माण करणे हा त्यांतील एक प्रकार आहे. पैठणी अमेरिकेतील मराठी कुटुंबांना पाठवणाऱ्या विक्रेत्यांनी तेथील २००३ चा कॅन-स्पॅम कायदाही लक्षात घ्यावा. त्यानुसार दिशाभूल करणारा विषय निषिद्ध आहे, मेलमध्ये व्यवसायाचा टपालाचा पत्ता द्यावा लागतो आणि नाव काढण्याची विनंती कामकाजाच्या दहा दिवसांत पूर्ण करावी लागते. आपल्याकडे ट्राय या दूरसंचार नियामकाचे नियम प्रामुख्याने फोन कॉल आणि एसएमएसपुरते आहेत, म्हणून ईमेलला मोकळे रान आहे असे काही जण सांगतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमतीला जे महत्त्व दिले आहे ते पाहता, तो सल्ला ऐकू नये.

विषयाच्या आधी ‘रि :’ किंवा ‘फॉरवर्ड’ची खूण लावली तर मेल जास्त उघडले जातात, असे ऐकले आहे.

पहिल्यांदा उघडले जातातही. मात्र पूर्वी पत्रव्यवहार झालेलाच नाही हे कळल्यावर तो माणूस फसवला गेल्याच्या रागाने तक्रार करतो, आणि दिशाभूल करणारे विषय वापरू नयेत असे गूगलच्या सूचनांमध्येही स्पष्ट म्हटले आहे. ‘तुमच्या ऑर्डरविषयी’ असे लिहून आत जाहिरात देणे हाही त्याच जातीचा प्रकार आहे. तो करणाऱ्यांची पुढे खरी बिले आणि पावत्याही स्पॅममध्ये जातात.

विषयात ग्राहकाचे नाव घालावे का?

घातले तर मराठी व्याकरण सांभाळून घालावे. सॉफ्टवेअर नावाची जागा रिकामी सोडते आणि आपण तिच्यापुढे विभक्तीचा प्रत्यय जोडतो. मग ‘शिंदेसाठी खास पैठणी’ किंवा ‘पाटीलच्या बागेसाठी खत’ अशी, बोलताना कोणीही न वापरलेली रूपे तयार होतात आणि वयाने मोठ्या ग्राहकाला तो अनादरही वाटतो. नाव सुटे ठेवून पुढे ‘यांच्यासाठी’ लिहावे, किंवा ‘शिंदे साहेब,’ ‘देशमुख ताई,’ असे संबोधून स्वल्पविराम द्यावा. मात्र साहेब की ताई हे यादीत आधी नोंदवलेले असले पाहिजे. अंदाजाने लावलेले संबोधन चुकले तर ग्राहक ते विसरत नाही. ज्यांचे नाव यादीत नाही त्यांच्यासाठी पर्यायी शब्द भरून ठेवावा, नाहीतर विषयाची सुरुवात एकट्या स्वल्पविरामाने होते.

नाव नसले तरी फारसे बिघडत नाही. वेरूळजवळच्या हॉटेलने खोली आरक्षित केलेल्या पाहुण्याला ‘वेरूळ लेणी मंगळवारी बंद असतात : तुमच्या मुक्कामाचे नियोजन’ असा मेल पाठवला, तर तो नावाशिवायही उघडला जाईल, कारण त्यात पाहुण्याच्या उपयोगाची खरी माहिती आहे. अजिंठ्यासाठी तोच विषय सोमवारचा करावा.

मेल ‘प्रमोशन्स’ या टॅबमध्ये गेला, म्हणजे तो स्पॅम ठरला का?

नाही. प्रमोशन्स हा इनबॉक्सचाच भाग आहे आणि जाहिरातीचा मेल तेथे जाणे योग्यच आहे. तेथून बाहेर पडण्यासाठी विषय खासगी पत्रासारखा सजवण्याच्या खटपटीत पडू नये.

आम्ही साध्या जीमेल खात्यावरून सर्वांना बीसीसी करून मेल पाठवतो. विषय चांगला असूनही मेल पोहोचत नाहीत.

विषयाचा येथे दोष नाही. साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला ५०० प्राप्तकर्त्यांची मर्यादा आहे आणि ते खाते जाहिरातीसाठी दिलेलेच नाही. दुसऱ्या मेल सेवेतून पाठवताना ‘पाठवणारा’ म्हणून स्वतःचा जीमेल पत्ता लावणेही टाळावे, कारण त्या पत्त्याचे डोमेन गूगलचे आहे आणि तुमची सेवा त्याच्या नावाने सही करू शकत नाही. स्वतःचे डोमेन घ्यावे, एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क यांच्या नोंदी डोमेन देणाऱ्याकडून किंवा जाणकाराकडून करून घ्याव्यात आणि सुरुवातीचे काही आठवडे, नियमित खरेदी करणाऱ्या ग्राहकांनाच थोड्या प्रमाणात मेल पाठवावेत. ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन संकेतस्थळासाठी जरूर घ्यावे. देवनागरी ईमेल पत्ता मात्र अजून प्रत्येक सर्व्हर स्वीकारत नाही, म्हणून मेलसाठी इंग्रजी अक्षरांतील डोमेन ठेवावे.

औद्योगिक प्रदर्शनात जमवलेल्या व्हिजिटिंग कार्डांवरील पत्त्यांना मेल पाठवता येईल का?

ज्याने कार्ड तुमच्या हातात दिले त्याला, लवकर आणि संदर्भ सांगून : ‘प्रदर्शनात पाहिलेल्या सीएनसी फिक्स्चरचे दरपत्रक’ असा विषय त्याला लगेच ओळखू येतो. सहा महिन्यांनी ‘खास ऑफर’ पाठवली तर त्याला तुम्ही आठवत नाही. आयोजकाकडून किंवा दलालाकडून घेतलेली यादी मात्र वापरू नये. तिच्यात बंद पडलेले पत्ते असतात, आणि स्पॅम पाठवणाऱ्यांना पकडण्यासाठी मुद्दाम पेरलेले सापळ्याचे पत्तेही असू शकतात.

दोन विषयांपैकी कोणता चांगला, हे कसे ओळखावे?

मेल किती जणांनी उघडला या आकड्यावर विसंबू नये. ॲपलने २०२१ मध्ये आपल्या मेल ॲपमध्ये आणलेल्या गोपनीयतेच्या सोयीमुळे, ग्राहकाने मेल न वाचताही तो उघडल्याची नोंद होऊ शकते. यादीचे दोन भाग करून दोन विषय पाठवावेत आणि किती फोन आले, किती दुवे दाबले गेले, किती जण यादीतून बाहेर पडले हे पाहावे. यादी लहान असेल तर एका फेरीवरून निष्कर्ष काढू नये. विषयाला गुण देणारी संकेतस्थळे फारशी कामाची नाहीत, आणि ती मराठीला कसे गुण देतात याचा तर भरवसाच धरू नये.

आमचे मेल आधीच स्पॅममध्ये जात आहेत. आता काय करावे?

काही आठवडे जाहिरात थांबवावी आणि ज्यांनी बऱ्याच काळात खरेदी किंवा चौकशी केलेली नाही ते पत्ते बाजूला काढावेत. एखाद्या ओळखीच्या जीमेल वापरणाऱ्याकडे मेल पाठवून त्यातील ‘मूळ मेल पाहा’ (Show original) हा पर्याय उघडायला सांगावे. तेथे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्कसमोर ‘पास’ असे दिसले पाहिजे. ते दुरुस्त झाल्यावर सर्वांत जवळच्या ग्राहकांना कामाची माहिती देणारे मेल पाठवावेत, जसे ‘दुरुस्तीला दिलेली पैठणी तयार आहे’ किंवा ‘हळदीच्या लिलावाची तारीख बदलली’. अशा मेलला ग्राहक उत्तर देतात, आणि उत्तर येणे हा फिल्टरच्या दृष्टीने पाठवणाऱ्याच्या बाजूचा पुरावा असतो. दुकानात आलेल्या ग्राहकाला स्पॅम फोल्डर उघडून ‘स्पॅम नाही’ दाबण्याची आणि तुमचा पत्ता संपर्कात जतन करण्याची विनंती तोंडी करावी. मेलमध्ये तशी विनंती लिहून उपयोग नाही, कारण तो मेलही तेथेच जाऊन पडलेला असतो.